नोंग खाई: मेकाँगकाठच्या सीमेवरच्या थाई गावात फिरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोंग खाई थायलंडच्या ईशान्येला, मेकाँगच्या दक्षिण काठावर आहे. समोरच्या काठावर लाओस, आणि नदीवरचा मैत्री पूल ओलांडला की वीसेक किलोमीटरवर त्याची राजधानी व्हिएनतियान. इथे थांबणारे बहुतेक जण बँकॉकहून लाओसला जाणारे किंवा तिकडून परतणारे असतात, त्यामुळे प्रश्नही त्याच बेताचे येतात. गावात फिरणं सोपं आहे, अडचण येते ती कागदपत्रांत आणि पुलावर. म्हणून ते प्रश्न पुढे सविस्तर घेतले आहेत. भाडी अंदाजे दिली आहेत. व्हिसाचे नियम थायलंड वरचेवर बदलतं, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्या.

१. गावाचा नकाशा डोक्यात कसा बसवायचा?

नदी उत्तरेला धरा. नदीला समांतर तीन रस्ते आहेत: अगदी काठावरचा रिम खोंग, त्याच्या आत मीचाई, आणि त्याच्याही आत मोठा प्रचक रस्ता. पश्चिम टोकाला रेल्वे स्टेशन आणि मैत्री पूल, मध्यावर काठालगत था सदेत बाजार, पूर्वेकडे बस स्टँड आणि वाट फो चाई हे मोठं देऊळ. दिशा चुकली तर काठावर जाऊन पाणी बघा. इथे मेकाँग पूर्वेकडे वाहते, म्हणजे प्रवाहाच्या उलट चालत गेलात की पूल येणार. बाजारापासून बस स्टँड पायी जाण्याजोगा आहे. स्टेशन आणि पूल दोन-तीन किलोमीटरवर, सामान असेल तर वाहन करावं.

२. किती दिवस ठेवावेत?

नुसतं सीमा ओलांडायला आला असाल तर एक रात्र. गाव, साला केव कू ही शिल्पांची बाग (प्रश्न ८) आणि नदीकाठची एक निवांत संध्याकाळ हवी असेल तर दोन रात्री. पश्चिमेला ८० किलोमीटरच्या आसपास, संगखोम भागात वाट फा ताक सुआ नावाचं डोंगरावरचं देऊळ आहे. तिथल्या काचेच्या सज्जावरून मेकाँगचं वळण दिसतं. तिथे जायचं तर तिसरी रात्र काढा आणि गाडी ठरवा. सार्वजनिक वाहनांच्या भरवशावर तो दिवस फुकट जातो.

३. मुंबई-पुण्याहून इथे पोचायचं कसं?

आधी बँकॉक. तिथून तीन वाटा आहेत.

विमानानं उडोन थानी, साधारण तासाभराचं उड्डाण. नोंग खाईला स्वतःचा विमानतळ नाही. उडोनहून पुढे सुमारे ५५ किलोमीटर (प्रश्न ५). दुसरी वाट रात्रीच्या रेल्वेची, सुमारे ६२० किलोमीटर. संध्याकाळी बसा, सकाळी उतरा (प्रश्न ४). तिसरी बस, मो चित स्टँडवरून दहा-अकरा तास. आमचं मत विचाराल तर रेल्वे: एका रात्रीचं हॉटेल वाचतं आणि झोपही बरी लागते. तिकिटं संपली असतील तरच बस.

परदेशाहून येणारं विमान सुवर्णभूमीवर उतरत असेल आणि उडोनचं डॉन मुआंगहून सुटत असेल, तर मध्ये किमान पाच तास ठेवा. दोन्ही विमानतळ शहराच्या दोन टोकांना आहेत, आणि तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान स्वतः उचलून न्यावं लागतं.

४. रात्रीची रेल्वे कुठून पकडायची? हुआ लाम्फोंगला गेलो तर?

तर गाडी चुकेल. जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या क्रुंग थेप अफिवत या नव्या टर्मिनसवरून सुटतात. जुन्या नकाशांत आणि ब्लॉगांत अजून हुआ लाम्फोंग लिहिलेलं आढळतं. नव्या टर्मिनसला मेट्रोच्या निळ्या मार्गानं जाता येतं; उतरायचं स्थानक बांग सू.

डॉन मुआंगला उतरत असाल तर शहरात शिरूच नका. या गाड्या डॉन मुआंग स्थानकावर थांबतात आणि ते स्थानक विमानतळाच्या समोरच आहे. फक्त गाडी फार वेळ थांबत नाही, त्यामुळे आपला डबा फलाटावर कुठे येतो ते आधीच विचारून उभे राहा.

दुसऱ्या वर्गाच्या एसी स्लीपरमध्ये खालचा बर्थ रुंद आणि थोडा महाग, वरचा अरुंद आणि थंड. एसीचा झोत थेट अंगावर येतो. गादी, चादर, पांघरूण मिळतं, बर्थ कर्मचारी लावून देतात. तरी शाल जवळ असू द्या. डिसेंबरमध्ये आणि सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, आसपास (१३ ते १५ एप्रिल) खालचे बर्थ आधी संपतात.

जुलै २०२४ पासून बँकॉकहून थेट लाओसमधल्या खामसवात स्थानकापर्यंत जाणारी गाडीही आहे. तिनं पुढे जायचं असेल तर नोंग खाई स्टेशनवर सामानासकट उतरून थाई निर्गमनाचा शिक्का घ्यावा लागतो. डब्यात झोपून राहिलं तर ओलांडता येत नाही.

५. उडोन थानी विमानतळावरून नोंग खाई?

आगमन कक्षातच शेअर व्हॅनचे काउंटर आहेत. माणशी साधारण २०० बाह्त, सव्वा तास धरा. तिकीट घेतानाच सांगा की गावात उतरायचंय की पुलाजवळ. न सांगितल्यास ड्रायव्हर परदेशी माणसाला सरळ पुलावर नेऊन सोडतो. तिघे-चौघे असाल तर टॅक्सी फारशी महाग पडत नाही. स्वस्तात हवं असेल तर उडोन शहरात जाऊन बस धरा, तासाभराचा रस्ता आहे. पण विमानतळ ते स्टँड या टप्प्यावर वाचवलेले पैसे पुन्हा खर्च होतात.

६. गावात रिक्षा मिळते का? भाडं किती?

मिळते, आणि तिचं नाव ऐकून गंमत वाटेल: स्कायलॅब. ईशान्य थायलंडमध्ये मोटरसायकलला मागे बाकं जोडून केलेल्या तीनचाकीला हेच म्हणतात. १९७९ मध्ये अमेरिकेची स्कायलॅब अंतराळ प्रयोगशाळा कोसळली, त्या सुमाराचं हे नाव. आपल्याकडेही त्या वर्षी स्कायलॅब डोक्यावर पडेल म्हणून लोक धास्तावले होते, हे घरातल्या मोठ्यांना आठवत असेल.

मीटर नाही. बसण्याआधी भाडं ठरवा आणि ते माणशी की सगळ्यांचं मिळून, हेही ठरवा. वाद बहुधा याच एका गोष्टीवरून होतात. स्टेशन ते गाव ६० ते १०० बाह्त, गाव ते पूल तेवढंच. सकाळी रात्रीची गाडी येते तेव्हा स्टेशनबाहेर भाव चढतो; शंभर पावलं मुख्य रस्त्याकडे चाललात की उतरतो.

‘थाओ राय?’ म्हणजे किती. ‘पाय बो खो सो’ म्हणजे बस स्टँडला. ‘बस टर्मिनल’ म्हटलेलं कळेलच असं नाही, बो खो सो सगळ्यांना कळतं. ‘पाय सथानी रोत फाय’ म्हणजे रेल्वे स्टेशनला. ‘पाय सफान मित्तफाप’ म्हणजे मैत्री पुलाला. मित्तफाप हा आपला ‘मित्रभाव’च, त्यामुळे विसरायला होणार नाही.

ग्रॅब आणि बोल्ट ही ॲप्स उघडून बघायला हरकत नाही, पण बँकॉकसारखी दोन मिनिटांत गाडी येईल असं धरू नका. पहाटेच्या बससाठी तर हॉटेलातूनच आदल्या रात्री रिक्षा सांगून ठेवा.

७. स्कूटर भाड्यानं घ्यावी का? आपलं लायसन्स चालतं का?

नुसतं भारतीय लायसन्स पुरत नाही. निघण्याआधी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि त्यात मोटरसायकलच्या रकान्यावर शिक्का आहे ना ते बघा. फक्त चारचाकीचा शिक्का असेल तर दुचाकीसाठी तो परवाना नसल्यातच जमा, आणि अपघात झाला तर प्रवास विमा कंपनी नेमकं याच मुद्द्यावर हात वर करते.

दिवसाचं भाडं साधारण २०० ते ३०० बाह्त. दुकानदार तारण म्हणून पासपोर्ट मागतात. मूळ पासपोर्ट देऊ नका. झेरॉक्स आणि रोख अनामत द्या, नाही म्हणाले तर पुढचं दुकान. गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, ओरखडे त्यात दिसू द्या. हेल्मेट मागच्यालाही लागतं. दंड २,००० बाह्तपर्यंत होऊ शकतो.

वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. गावापुरतं बोलायचं तर सायकल जास्त सोयीची: रस्ते सपाट, नदीकाठचा पट्टा चालणाऱ्यांचा आणि सायकलींचाच, आणि बरीच गेस्ट हाउसं सायकल फुकट किंवा नाममात्र भाड्यानं देतात. भाड्याची स्कूटर लाओसला नेता येईल का, ते प्रश्न १४ मध्ये.

८. साला केव कू कुठे आहे? ड्रायव्हरला नाव सांगितलं तरी कळत नाही.

‘वाट खॅक’ म्हणा. स्थानिक लोक त्याच नावानं ओळखतात. खॅक म्हणजे पाहुणा, आणि भारतीय वंशाच्या माणसालाही थाई बोलीत हाच शब्द. म्हणजे ‘भारतीयांचं देऊळ’ असा काहीसा अर्थ. खरं तर ते पूजेचं देऊळ नाही, शिल्पांची बाग आहे. बुनलुआ सुलिलत यांनी १९७८ पासून ती सिमेंटमध्ये उभारली. त्याआधी १९५८ मध्ये त्यांनीच नदीपलीकडे लाओसमध्ये तशीच एक बाग बांधली होती; तिला आता बुद्ध पार्क म्हणतात. १९७५ मध्ये लाओसमध्ये कम्युनिस्ट सत्ता आल्यावर ते इकडे आले आणि पुन्हा बांधायला बसले. इथल्या मूर्ती आधीच्यांपेक्षा कितीतरी उंच आहेत. सात फण्यांच्या नागाखाली बसलेला बुद्ध २५ मीटरच्या घरातला. शिव, विष्णू, गणपती आपल्याला चटकन ओळखू येतात, पण हात, आयुधं आणि वाहनं सुलिलत यांच्या मनाप्रमाणे आहेत, तेव्हा ओळखीचा देव अनोळखी दिसला तर गोंधळू नका.

कोपऱ्यातलं जीवनचक्र चुकवू नका. वर्तुळाच्या आत गर्भापासून मरणापर्यंतच्या अवस्था मांडल्या आहेत. आत शिरायचं दार म्हणजे एक उघडा जबडा, आणि चक्रातून बाहेर पडलेला बुद्ध एकटा कुंपणावरून पाय टाकून जाताना दिसतो.

बाग गावाच्या पूर्वेला चार-पाच किलोमीटरवर, २१२ क्रमांकाच्या महामार्गालगत आहे. सायकलनं जाता येतं, पण हायवेवर ट्रक असतात आणि सावली नाही. रिक्षा येण्या-जाण्याची आणि तासभर थांबण्याची एकत्र ठरवा, २०० ते ३०० बाह्त. नुसतं जाण्याचं ठरवलं तर परतीला बाहेर रिक्षा मिळेलच असं नाही. दुपारी सिमेंट तापतं. सकाळी उघडताच किंवा चारनंतर जा.

९. नदीत बुडालेला स्तूप दिसतो म्हणतात, तो कुठे?

बाजारापासून काठानं पूर्वेकडे चालत जा. फ्रा थात क्लांग नाम, म्हणजे ‘पाण्यामधला अस्थिस्तूप’. काठ खचून तो १८४७ मध्ये नदीत गेला. पावसाळ्यात काहीच दिसत नाही; फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पाणी उतरलं की कलंडलेल्या विटांचा ढिगारा वर येतो. काठावर उभी आहे ती प्रतिकृती, तिचा फोटो काढून ‘बघितला’ असं म्हणू नका.

१०. पूर्ण शाकाहारी माणसाचं इथे कसं होतं?

होतं, पण आधी थोडं समजून घ्यावं लागतं. ईशान्य थायलंडच्या जेवणात मासळी डोळ्यांना दिसते त्यापेक्षा जास्त असते. पपईच्या सॅलडमध्ये, म्हणजे सोम तममध्ये, तीन गोष्टी लपतात: नम प्ला (माशांचं पातळ सॉस), प्ला रा (आंबवलेला मासा, हा इथला खास) आणि कुंग हॅंग (सुका जवळा). परतलेल्या भाजीतही न विचारता ऑयस्टर सॉस पडतं, त्याला नम मन होय म्हणतात. नको असलेल्या प्रत्येक पदार्थाआधी ‘माय साय’ म्हणा: माय साय नम प्ला, माय साय प्ला रा. अंडं नको असेल तर माय साय खाय. नुसतं ‘व्हेज’ सांगितलं तर भाजी येते, सॉससकट.

दोन शब्द पाठ करा. ‘मंगसविरत’ म्हणजे शाकाहारी. मूळ संस्कृत मांस-विरति. यात अंडं-दूध चालतं, आणि छोट्या ठेल्यावर फिश सॉसही चालतं असं समजणारे भेटतात. ‘चे’ हा त्याहून कडक प्रकार: अंडं, दूध, मासा, मांस काहीच नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. चातुर्मासात घरी कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्यांना हे जेवण आपलंच वाटेल. ‘चे’ची पाटी पिवळी आणि तिच्यावरची लाल अक्षरं १७ या इंग्रजी आकड्यासारखी दिसतात. तशी पाटी दिसली की बिनधास्त बसा. ही दुकानं सकाळी लवकर उघडतात आणि दुपारी दोनच्या सुमारास भांडी रिकामी होतात, तेव्हा रात्रीच्या जेवणासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

गावात व्हिएतनामी वंशाची वस्ती जुनी आहे, त्यामुळे नॅम नुआंग इथे फार नावाजलेलं आहे: भाताच्या पातळ पापडीत पाला, कच्ची केळी आणि भाजलेलं डुकराचं मांस गुंडाळून खायचं. शाकाहाऱ्यांनी नुसती पापडी आणि पाला मागवला तर देतात, पण सोबतच्या चटणीत काय आहे ते विचारा.

११. पैसे कसे न्यावेत? रुपये बदलून मिळतात का?

रुपयांच्या भरवशावर येऊ नका. बाह्त बँकॉकमध्येच घ्या. एटीएम भरपूर आहेत, पण परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बाह्त किंवा जास्त शुल्क लागतं, म्हणून चार वेळा थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा. दुकानातले क्यूआर कोड थाई बँक खात्याला जोडलेले असतात, आपल्या फोनवरून बहुधा चालत नाहीत. व्हिएनतियानमध्ये बाह्त सर्रास घेतात. उलट लाओसचे कीप थायलंडमध्ये कुणी हातात धरत नाही. परतण्याआधी तिथेच संपवा.

१२. भारतीयांना थायलंडचा व्हिसा लागतो का?

जुलै २०२४ मध्ये भारतीय पासपोर्टवर ६० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश लागू झाला. ही मुदत कमी करण्याची चर्चा तेव्हापासून सुरूच आहे, म्हणून तिकीट काढण्याआधी सध्याचा आकडा बघा.

व्हिसा नसला तरी डिजिटल आगमन पत्र लागतं. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे. येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. विसरण्याची जागा ही: लाओसला जाऊन परत येताना नवं पत्र भरावं लागतं, पहिलं चालत नाही. परतीचं पत्र व्हिएनतियानच्या हॉटेलात, वायफाय असतानाच भरा.

१३. मैत्री पूल ओलांडण्याची नेमकी पद्धत काय?

पूल सकाळी ६ ते रात्री १० उघडा असतो. थाई बाजूच्या निर्गमन कक्षात परदेशी पासपोर्टची रांग वेगळी आहे. थाई आणि लाओ लोक सीमा-पासवर जातात आणि त्यांची रांग भराभर सरकते. ती बघून तिच्यात उभे राहिलात तर खिडकीवरून परत पाठवतील. शिक्का मिळाल्यावर पलीकडच्या बाजूला शटल बसचं तिकीट घ्या, २० ते ३५ बाह्त, सुटे ठेवा. बस पूल ओलांडून लाओसच्या नाक्यावर सोडते. तिथे आधी व्हिसाची खिडकी, मग प्रवेशाचा शिक्का. शनिवार-रविवारी आणि कामाच्या वेळेबाहेर लाओ बाजूला किरकोळ शुल्क घेतात, त्यासाठी शंभराच्या आतल्या नोटा हाताशी असू द्या.

लाओ शिक्का पासपोर्टवर उमटला ना, हे तिथेच उघडून बघा. गर्दीत लोकांच्या लोंढ्याबरोबर बाहेर पडणारे असतात. मग परत निघताना ‘तुम्ही आत आलातच कधी?’ असा प्रश्न उभा राहतो.

बाहेर टॅक्सीवाले घेरतात. व्हिएनतियानच्या तालात साव बाजारात जाणारी १४ क्रमांकाची शहर बस त्याच आवारातून सुटते, टॅक्सीच्या कितीतरी पट स्वस्त. बुद्ध पार्कलाही हीच बस जाते, फक्त उलट दिशेची, चढण्याआधी विचारा.

एक सावधगिरी थाई बाजूची. काही रिक्षावाले पुलाच्या थोडं अलीकडे ‘व्हिसा ऑफिस’ लिहिलेल्या दुकानापाशी थांबवतात. ते सरकारी नसतं. तिथे फक्त फॉर्म भरून देतात आणि त्याचे जादा पैसे घेतात. तोच फॉर्म लाओ खिडकीवर फुकट मिळतो. ‘सफान’ म्हणत राहा आणि उतरू नका.

१४. पूल चालत, सायकलनं किंवा भाड्याच्या स्कूटरनं ओलांडता येतो का?

चालत जाता येत नाही. कडेला दीड-दीड मीटरचे पदपथ दिसतात खरे, पण सीमा ओलांडायला शटल, बस किंवा रेल्वेच. भाड्याची स्कूटरही नाही: गाडीचे कागद दुकानदाराच्या नावावर असतात आणि वाहन देशाबाहेर काढायला मालकाची कागदपत्रं लागतात. सायकल असेल तर शटलच्या पोटात टाकून न्यायची, वेगळे पैसे पडतात.

पूल ८ एप्रिल १९९४ रोजी खुला झाला, लांबी १,१७० मीटर, खर्च ऑस्ट्रेलियानं केला. मध्यभागी मीटर गेजचा एकच रूळ डांबरात बसवलेला आहे. रेल्वे येते तेव्हा दोन्हीकडची वाहतूक थांबवतात. थायलंड डावीकडून चालतं, लाओस उजवीकडून. बाजू बदलण्याची जागा लाओसच्या टोकाला सिग्नलवर आहे. बसच्या उजव्या खिडकीत बसलात तर ती अदलाबदल नीट दिसते.

१५. लाओसचा व्हिसा पुलावर मिळतो की आधी काढावा?

दोन्ही चालतं. पुलावर ३० दिवसांचा मिळतो. लागतं काय: सहा महिने वैध पासपोर्ट, कोरी पानं, एक फोटो आणि अमेरिकी डॉलर. भारतीयांसाठी ४० डॉलरच्या आसपास धरा आणि वर दोन-चार एकेकाच्या नोटा ठेवा. फाटकी, शाई लागलेली, घडी पडलेली नोट परत करतात. बाह्तमध्ये भरलं तर त्यांच्या दरानं बरंच महाग पडतं. फोटो नसेल तर थोडे जादा घेऊन काम करतात.

ई-व्हिसा घेतला तर रांग वाचते, आणि हा पूल ई-व्हिसा चालणाऱ्या नाक्यांपैकी आहे. देशातल्या सगळ्याच नाक्यांवर तो चालत नाही, म्हणून बाहेर पडताना वेगळ्या नाक्याचा बेत असेल तर यादी बघा.

१६. बस स्टँडवरून थेट व्हिएनतियानची बस आहे, मग शटलचा खटाटोप कशाला?

व्हिसा आधीच हातात असेल तर थेट बसच घ्या, ६० बाह्तच्या आसपास, सरळ तालात सावला. पुलावर व्हिसा काढणार असाल तर अडचण आहे. बाकीचे प्रवासी सीमा-पासवर पाच मिनिटांत पार होतात आणि तुमच्या फॉर्मसाठी बस थांबत नाही. म्हणून व्हिसा नसलेल्या परदेशी माणसाला तिकीट नाकारतातही. त्यांच्यासाठी शटलच. रेल्वे हा तिसरा पर्याय: थाई शिक्का स्टेशनवरच मिळतो, गर्दी कमी, पण दिवसाला गाड्या मोजक्या आणि खामसवात स्थानक शहराबाहेर.

१७. था सदेतवरून होड्या समोर जाताना दिसतात. त्यात बसून जाता येईल?

नाही. तो धक्का थाई आणि लाओ नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर तिथे शिक्का मिळत नाही, आणि शिक्क्याशिवाय ओलांडणं म्हणजे दोन्ही देशांत गुन्हा. संध्याकाळची नदीफेरी करणाऱ्या बोटी वेगळ्या. त्या पलीकडे लागत नाहीत.

१८. सकाळी व्हिएनतियानला जाऊन संध्याकाळी परतलो तर थायलंडचे दिवस कसे मोजतात?

व्हिसामुक्त आला असाल तर परतताना नवा शिक्का, नवी मुदत. मात्र जमिनीच्या नाक्यावरून व्हिसामुक्त प्रवेश कॅलेंडर वर्षात दोनदाच, असा नियम २०१६ च्या अखेरीपासून आहे. सगळ्या नाक्यांवर तो सारखाच काटेकोर पाळतात असं नाही, पण तिसऱ्यांदा अडवलं तर वाद घालायला जागा उरत नाही. विमानानं आलेला प्रवेश यात धरत नाहीत. परतीचं विमान तिकीट आणि थोडी रोकड दाखवण्याच्या तयारीनं या.

एकवेळचा पर्यटक व्हिसा काढून आला असाल तर गोष्ट उलटी. देशाबाहेर पाऊल टाकताच तो व्हिसा संपतो, उरलेले दिवस गेले. ते टिकवायचे तर बाहेर पडण्याआधी इमिग्रेशन कार्यालयात पुनःप्रवेश परवाना घ्या: एका वेळेसाठी १,००० बाह्त, फॉर्म टीएम ८, फोटो आणि पासपोर्टची झेरॉक्स. ओलांडून झाल्यावर आठवलं तर उपाय नाही.

एका दिवसाच्या फेरीसाठी लाओ व्हिसाचे पैसे भरावेत का? आमच्या मते नाही. गेलात तर एक रात्र तरी राहा.

१९. लुआंग प्राबांगची चिनी रेल्वे त्याच दिवशी पकडता येईल?

येईल, दुपारची. सकाळची धरू नका. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या या रेल्वेचं व्हिएनतियान स्थानक शहराच्या उत्तरेला आहे आणि खामसवातशी त्याचा काही संबंध नाही. रूळही वेगळे: थाई गाडी मीटर गेज, ही स्टँडर्ड गेज, म्हणजे गाडी बदलणं आलंच. पुलावर व्हिसा, मग टॅक्सी, मग विमानतळासारखी सामान तपासणी, असं धरून नोंग खाई सोडल्यापासून चार तास ठेवा. तपासणीत फवारे आणि चाकू-कात्री काढून घेतात. दाढीच्या फोमचा डबा त्यात हमखास जातो.

२०. नागाचे अग्निगोळे कधी आणि कुठे बघायचे?

ओक फान्साच्या रात्री, म्हणजे भिक्खूंचा वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला. बहुतेक वर्षी ती आपल्या कोजागिरीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येते, तेव्हा कालनिर्णय बघूनही अंदाज बांधता येतो. नदीतून तांबूस गोळे आवाज न करता वर जातात आणि विझतात. श्रद्धाळू त्याला नागाचा श्वास म्हणतात. नदीतला वायू की पलीकडून झाडलेल्या गोळ्या, यावर वाद चालूच आहे.

मुख्य जागा फोन फिसाई, गावापासून पूर्वेला ४५ किलोमीटरच्या आसपास. त्या दिवशी दुपारी दोनच्या आत पोचा. परतताना रस्ता तुंबतो आणि तासाभराच्या वाटेला चार-पाच तास लागतात. हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात. उडोनला खोली घेतली तर परतीचा प्रवास आणखी लांबतो. गोळे कमी दिसतील किंवा दिसणारही नाहीत, ही तयारी ठेवा.

२१. कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी स्वेटर लागतो. एप्रिलचं ऊन विदर्भासारखं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नदी भरते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती काठ सोडून गावात शिरली होती. त्या दिवसांत रिम खोंगवरची तळमजल्याची खोली टाळा. शनिवारी संध्याकाळी नदीकाठी चालण्याचा बाजार भरतो, जमल्यास तो दिवस धरा.

२२. पासपोर्ट हरवला किंवा थायलंडमधल्या मुक्कामाची मुदत उलटली तर?

मुदत उलटल्यास दिवसाला ५०० बाह्त दंड, कमाल २०,०००. एक-दोन दिवस असतील तर नाक्यावर भरून सुटका होते, पण नोंद राहते.

पासपोर्ट हरवल्यास आधी स्थानिक पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत. मग बँकॉकचा भारतीय दूतावास. तिथे तातडीचं प्रवासपत्र मिळतं, पण त्यावर फक्त भारतात परतता येतं, लाओसला जाता येत नाही. शेवटी थाई इमिग्रेशनकडून प्रवेशाची नोंद नव्या कागदावर घ्यावी लागते. पासपोर्टच्या आणि शेवटच्या शिक्क्याच्या पानाचा फोटो मेलवर ठेवला असेल तर हे दिवसभराचं काम काही तासांत होतं. पर्यटक पोलीस ११५५, रुग्णवाहिका १६६९, पोलीस १९१.

२३. लाओसहून परतताना काय आणू नये?

ई-सिगारेट. थायलंडमध्ये ती बेकायदा आहे, मग पलीकडच्या दुकानात कितीही उघडपणे मांडलेली असो. दारू माणशी एक लिटर आणि सिगारेटी २०० पर्यंत चालतात. नाक्यावरच्या स्वस्त दुकानात कुटुंबाचा माल एकाच पिशवीत भरून दिला असेल तर तपासणीआधी तो वाटून घ्या. मर्यादा पिशवी ज्याच्या हातात आहे त्याच्या नावावर मोजतात.

२४. नदीकाठी फोनचं नेटवर्क अचानक जातं, का?

फोन समोरच्या काठावरचा लाओ टॉवर पकडतो. भारतीय सिमवर रोमिंग चालू असेल तर लाओसच्या दरानं पैसे कापले जातात. सेटिंगमध्ये नेटवर्कची आपोआप निवड बंद करून थाई कंपनी हातानं निवडा, आणि पूल ओलांडण्याआधी ती निवड पुन्हा आपोआपवर आणा, नाहीतर पलीकडे फोन मुका राहतो.